सुंभ, पीळ आणि उलांडी



आमच्या गावाचं नाव वाशी. नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे नवी मुंबईत ना? खाडीजवळ?" मग आम्ही नेहमीचं उत्तर देतो : नाही हो, आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. तिथे खाडी नाही, पूल नाही. बालाघाटाचा माळ आहे, ज्वारी-सोयाबीन आहे, खव्याच्या भट्ट्या आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी आहेत. अशा गावातल्या शिक्षिकेने या महिन्यात तुम्हांला होडीची गोष्ट सांगावी, हे थोडं विचित्रच आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात वर्गातून करतो. सातवीला म्हणी शिकवताना दरवर्षी एक म्हण येते : सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. उर्दूच्या तासाला तीच रस्सी जल गई, बल न गया म्हणून भेटते. मुलं विचारतात, "मॅडम, सुंभ म्हणजे काय?" आम्ही सांगतो, नारळाच्या काथ्याची दोरी. मुलं मान हलवतात, आम्ही पुढच्या म्हणीकडे वळतो. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत सुंभ आम्हीही कधी हातात धरला नव्हता. आमच्याकडे दोरी अंबाडीची नाहीतर घायपाताची. सुंभ हाती आला तो या दिवाळीत, मालवणच्या उत्तरेला, आचऱ्याच्या बाजूच्या एका खाडीकाठी.

आमची धाकटी बहीण तिथे दिली आहे. मराठवाड्याची मुलगी कोकणात कशी, असं सगळेच विचारतात. मेहुणे पुण्यात नोकरीला होते, तेव्हा स्थळ आलं होतं. कोरोनाच्या काळात नोकरी गेली आणि ते कुटुंबासह गावी परतले. घराणं मासेमारीचं. कोकण किनाऱ्यावर मुसलमान मासेमार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 1880 साली छापलेल्या रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या सरकारी गॅझेटियरातही मासे धरणाऱ्या दालदी मुसलमानांची नोंद आहे. बहिणीचे सासरे आयुष्यभर रापणीच्या होडीवर होते. आता वय झालं, पण घरची एक छोटी होडी आहे. इंजिन नाही, वल्ह्यांवर चालते. मेहुणे आणि आमचा भाचा तीवर खाडीत आणि खाडीच्या तोंडापर्यंत जाळं टाकतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा घरात बोलणं कमी होतं. रात्री भांडी आवरताना बहीण म्हणाली, "आपा, याला वाशीला घेऊन जा. पुढच्या वर्षी आयटीआयला घाल. मला हा पाण्यावर नको." मग एकेक कळत गेलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बापलेक पहाटे निघाले होते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आणि समुद्राची आत येणारी लाट एकमेकांना भिडतात. तिथे होडीची उलांडी पुढच्या बाजूने सुटली. होडी गरकन फिरली, आडवी झाली आणि पाणी आत आलं. भाचा सुटलेल्या वाशाला लोंबकळून राहिला. मागून गावातलीच दुसरी होडी येत होती, तिने दोघांना ओढून काठाला आणलं. अल्लाहचा फज्ल, दुसरं काय म्हणणार! भाच्याच्या दंडावर निळं वळ अजून होतं. अंगात तरंगतं जाकीट दोघांच्याही नव्हतं.

ज्यांनी उलांडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातली ही होडी अरुंद असते, एकटी असली तर चटकन कलंडते. म्हणून तिच्या एका बाजूला, काही हातांवर, होडीला समांतर असं एक हलकं, दोन्ही टोकांना निमुळतं केलेलं लाकूड तरंगत ठेवतात. त्याला म्हणतात उलांडी. ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची करतात. होडीवरून आडवे टाकलेले दोन वासे उलांडीपर्यंत जातात आणि तिला होडीशी जोडतात.

आपल्याकडे कमरेवर घागर घेतलेली बाई दुसरा हात बाहेर पसरून चालते. उलांडी म्हणजे होडीने पसरलेला हात. होडी उलांडीच्या बाजूला झुकली की पाणी उलांडीला वर ढकलतं. विरुद्ध बाजूला झुकली की उलांडीचं वजन तिला खाली धरून ठेवतं. मात्र हा सगळा जोर होडीपर्यंत पोहोचतो तो बांधणीतून. प्रत्येक वासा होडीच्या दोन्ही काठांना आणि उलांडीला बांधलेला असतो. दोन वासे, प्रत्येकी तीन जागा, म्हणजे सहा बांधण्या. हिशेब सोपा आहे. त्या सहांतली एक ढिली पडली की उरलेल्या पाचांवर जादा भार येतो.

आणि ढिली बांधणी नुसती हलत नाही, ती हिसका देते. घट्ट बांधलेली उलांडी होडीबरोबर उचलते, होडीबरोबर बसते. मध्ये बोटभर फट पडली की उलांडी आधी तेवढी मोकळी हलते आणि मग धाडकन अडते. लाटेगणिक एक धक्का, धक्क्यागणिक फट आणखी मोठी. बहिणीच्या सासऱ्यांनी दुसरी एक खूणही सांगितली. उलांडीचं एक टोक सरकलं की ती होडीला समांतर राहत नाही, तिरकी होऊन पाणी अडवते. दोन्ही बाजूंनी सारखं वल्हवूनही होडी एकाच बाजूला ओढ घेते. भाचा हळूच म्हणाला, "आठवडाभर ओढतच होती, खाला. मला वाटलं पाण्याची ओढ आहे."

आता आमच्यासमोर तीन मतं होती. मेहुण्यांनी जुन्या काथ्याच्या बांधणीवरूनच नवी नायलॉनची दोरी गच्च गुंडाळली होती. त्यांचं म्हणणं, आता हलणार नाही. भाच्याचं म्हणणं, दोरीच नको. बाजारातला एक वर्कशॉपवाला भोकं पाडून बोल्ट टाकून देतो म्हणालाय. आणि सासरे ओट्यावर बसून एकच वाक्य म्हणत होते, "सगळा सोड, मगे बांध." बहीण म्हणत होती, सोडा, बांधा, काय वाटेल ते करा, माझा मुलगा जाणार नाही.

सासऱ्यांचं ते वाक्य ऐकून आम्ही चमकलो, कारण तेच आम्ही लहानपणी अब्बांच्या तोंडून ऐकलं होतं. मृगाच्या आधी अब्बा तिफण उतरवायचे. चाडं, नळे, दोऱ्या सगळं पाहायचे. आम्ही पोरं वरून आणखी दोन वेढे मारायला जायचो. अब्बा दख्खनीत म्हणायचे, "पैले खोलो, फिर बांधो." त्या वयात वाटायचं, अब्बांना काम वाढवायची हौस आहे. पेरणीच्या दिवशी जुवाची येठण सुटली की औत थांबतं, एवढंच. इथे मात्र पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला होडी पुळणीवर वर ओढली. सासऱ्यांनी पहिल्यांदा उलांडीखाली दोन ठोकळे ठेवायला लावले, म्हणजे तिचा भार बांधणीवर राहणार नाही. मग म्हणाले, कुठे हलतं ते आधी शोधा. आमच्या पर्समध्ये खडूचा तुकडा असतोच. प्रत्येक जोडावर वासा आणि त्याखालचं लाकूड या दोघांवरून एक सरळ रेघ ओढली. मेहुण्यांनी होडी धरली, भाच्याने उलांडी आधी वरखाली, मग पुढेमागे, मग पिळून हलवली. सहा रेघांपैकी तीन तुटल्या. पुढची उलांडीकडची तर अर्धा इंच सरकली, आणि वरून नायलॉनचे नवेकोरे वेढे जसेच्या तसे घट्ट दिसत होते! वरचे वेढे जुन्या बांधणीला धरून होते आणि जुनी बांधणी कशालाच धरून नव्हती. मेहुणे काही बोलले नाहीत. त्यांनीच पहिली गाठ सोडली.

सोडल्यावर आतलं दिसलं. काथ्याच्या खाली वाळूचे कण घुसून वाशाला घासून खोबण पडली होती. पावसाळ्यात होडी झावळ्यांखाली कोरड्यात होती. लाकूड सुकून आटलं होतं, बांधणी मात्र जुन्या मापाची राहिली होती. मागच्या वाशाच्या टोकाला भाच्याने खिळा टोचून पाहिला, तो लोण्यात जावा तसा आत गेला. लाकूड कुजलं होतं. वरून रंग शाबूत होता. तो वासा बदलावा लागला, त्यात एक दिवस गेला. बांधणी सोडली नसती तर ते कळलंच नसतं.

पुढचं काम आम्ही वहीत उतरवून घेतलं, शिक्षकाची सवय.

नवा सुंभ आधी भिजत घातला. कोरडा काथ्या ताठर असतो, वेढा लाकडावर नीट बसत नाही. भिजला की नरम पडतो. खोबण पडलेल्या जागी कठीण लाकडाची पातळ पट्टी नीट बसवून घेतली. ढिल्या दोरीत नुसती पाचर ठोकणं हा तात्पुरता इलाज. पाण्यावर असताना घरी पोहोचण्यापुरता तो चालतो, कायमचा नाही. मग वेढे. एकाला लागून एक, एकावर एक चढू न देता. प्रत्येक वेढा हाताने ओढून भागत नाही. दोरीत दांडकं अडकवून, पाय रेटून ताणायचा आणि तो ताण जाऊ न देता पुढचा घ्यायचा. असे सात-आठ झाले की शेवटी खरी कळ : दोन लाकडांच्या मधून, आधीच्या वेढ्यांच्या कमरेला आडवे दोन-तीन आवळफेरे. आधीचे वेढे दोन लाकडांना जवळ आणतात, आवळफेरे त्या वेढ्यांनाच आवळतात. आमच्याकडे बाजेला नेवार विणून झाली की पायथ्याची दोरी ओढून सगळी बाज एकदम ताणली जाते ना, तोच प्रकार.

एक बांधणी आम्हीही केली. सासरे म्हणाले, "मास्तरीणबाई, हात चांगला बसलाय." आम्ही म्हणालो, "चाचा, तिफण बांधलीय." सगळे हसले. बहीण दारातून पाहत होती, ती नाही हसली.

मग एकाच दोरीला दोन गाठी मारून तिने होडी आणि उलांडीमधलं अंतर पुढे मोजलं, मागे मोजलं. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. पहिल्यांदा दोन बोटं फरक आला. पुढची बांधणी पुन्हा सोडली.

बोल्टाचं काय, हा भाच्याचा प्रश्न सासऱ्यांनी उडवून लावला नाही. त्यांनी पुळणीवर पडलेल्या एका जुन्या वाशाचं भोक दाखवलं. पाडलं तेव्हा गोल असणार, आता लांबट झालं होतं. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं आणि जिथे वाशावर सगळ्यांत जास्त जोर, नेमकं तिथेच भोक पाडून आपण तो कमजोर करतो. लाकूड हलत राहतं, बोल्ट हलत नाही, मग लाकूडच झिजतं. फायबरच्या होड्यांना बोल्ट असतात, ते चुकीचं नाही. पण ते न गंजणाऱ्या स्टीलचे, रुंद वायसर घालून, सुटणार नाही अशा नटाचे हवेत. आणि तेही तपासावे लागतातच. नायलॉनचंही तसंच. ते कुजत नाही हे खरं. पण ते निसरडं, गाठ सरकते. ओलं झालं की ताणतं, उन्हाने वरचे तंतू मरतात. वापरायचंच तर भिजवून, ताणून, शेवटी जादा गाठी मारून वापरावं. आणि एकाच जोडात काथ्या व नायलॉन मिसळू नये. दोघांचा ताण वेगळा, मग एकच दोरी सगळा भार घेते.

रात्री भाच्याला आम्ही इब्न बतूताची गोष्ट सांगितली. हा मोरोक्कोचा मुसाफिर 1343-44 च्या सुमारास मालदीवला काझी होता. त्याने तिथल्या काथ्याबद्दल लिहून ठेवलं आहे की, हिंदुस्थान आणि यमनची जहाजं या दोरीने शिवतात. लोखंडी खिळ्यांनी ठोकलेलं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, दोरीने शिवलेलं लवचीक असतं म्हणून टिकतं. जवळपास 700 वर्षांपूर्वीचं हे लिखाण, आणि भाचा म्हणाला, "म्हणजे आजोबा तेच सांगतायत." उलांडीही एकट्या कोकणाची नाही. श्रीलंकेचे मासेमार उलांडी लावलेली ओरुवा वापरतात, तिकडे मादागास्करपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत ती आहे. 1976 साली हवाईच्या लोकांनी होकुलेआ नावाची जुन्या धर्तीची जोडहोडी ताहितीपर्यंत नेली, सुमारे 4000 किलोमीटर. तिची दोन्ही अंगं आडव्या तुळयांना दोरीनेच बांधलेली होती.

तिसऱ्या दिवशी चाचणी. आधी गुडघाभर पाण्यात दोघांनी होडी मुद्दाम डोलवली. मग अर्धा तास उथळ खाडीत. परत आणून पाहिलं तर दोन बांधण्या किंचित सैल झाल्या होत्या. नवी दोरी पहिल्या फेरीत बसते, ते व्हायचंच. आवळफेरे सोडून पुन्हा घेतले.

तेवढ्यात बहीण पुळणीवर आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. कुणाशी बोलली नाही. पदर खोचून उलांडीचं टोक धरलं आणि अशी हलवली की होडीत बसलेले मेहुणे म्हणाले, "अगं, हळू!" ती म्हणाली, "लाट हळू येणार आहे का?" सहाही रेघा तिने वाकून पाहिल्या. मग घरी जाऊन दोन नारिंगी जाकिटं घेऊन आली. बचत गटातून घेतलेल्या पैशांनी मालवणहून आणून ठेवली होती, आम्हांलाही बोलली नव्हती. म्हणाली, "ही घातल्याशिवाय नाही. आणि खाडीच्या तोंडाच्या पुढे नाही. जूनमध्ये आयटीआयचा फॉर्म भरायचाच. मग बघू." भाचा हो म्हणाला. मनापासून की कसं, ते अल्लाहलाच ठाऊक.

परतताना कोल्हापूरपर्यंत आम्हांला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवत होता. सातवीत आहे, भागाकार येत नाही. वर्षभर आम्ही त्याला जादा गणितं देतोय, सरावसंच देतोय, सुट्टीतला अभ्यास देतोय. त्याची वही भरलेली दिसते. सोडून पाहिलंच नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर त्याला शेजारी बसवलं आणि हळूहळू मागे गेलो. अडलेलं होतं सातच्या पाढ्यात आणि हातच्याच्या वजाबाकीत. तिसरीतलं. चार वर्षं त्याच्यावर वेढे मारले गेले होते, त्यांतले काही आमचेच. आता रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं तो आणि आम्ही तिसरीत असतो.

तुमच्यापैकी ज्यांची घरं पाण्याकाठी आहेत त्यांनी बांधणी आज पाहावी. आमच्या मराठवाड्यातही धरणांत थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारी माणसं आहेत, त्यांच्याही तराफ्याला दोरीच असते. खडूची रेघ मारायला पैसे लागत नाहीत. तुटलेली दिसली तर वरून बांधू नका. आणि जाकीट पोहता येणाऱ्यालाही लागतं.

बहिणीने एक नियम केला आहे. निघण्याआधी भाच्याने सहाही रेघांचा फोटो आईला आणि खालाला पाठवायचा. रोज पहाटे फजरच्या सुमारास आमचा मोबाईल वाजतो. परवा वाजला नाही. साडेसहा झाले, सात झाले. आम्ही फोन लावला. बहीण म्हणाली, "काही नाही आपा, मागची रेघ तुटलेली दिसली. दोघं पुळणीवर बसून सोडतायत."